शंभर वर्षं उशिरा आलेला शॉकअप

स्प्रिंग आणि शॉकअप ही आपल्याला जुळी भावंडं वाटतात. गाडीच्या पुढच्या चाकामागे डोकावलं तर दोघं एकमेकांत अडकलेलीच दिसतात: मधे नळी आणि तिच्याभोवती स्प्रिंगचं वेटोळं. प्रत्यक्षात त्यांच्या वयात साधारण शंभर वर्षांचं अंतर आहे. घोडागाडीला चांगल्या पोलादी स्प्रिंगा लागल्या, त्याला दोन शतकं उलटून गेली. शॉकअप आला तो मोटारी आल्यानंतर. तोही सुरुवातीला गाडीसोबत मिळत नसे. ज्याला हवा त्याने वेगळे पैसे मोजून बसवून घ्यायचा. आज आपण ज्याला ‘आफ्टरमार्केट’ म्हणतो, त्याच बाजारात शॉकअपचा जन्म झाला.

हा इतिहास मी उकरायला लागलो त्याचं कारण अगदी व्यवहारी होतं. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. माझ्याकडे एक छोटी टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे. रोज कोथरूड ते हिंजवडी, पावसाळ्यात एखाद्या रविवारी पहाटे ताम्हिणी, आणि महिन्यातून एकदा आई-बाबांना घेऊन पाटणजवळचं गाव. ७५ हजार किलोमीटर झाले आणि शॉकअप दमले. एवढ्या वापरानंतर ते दमणारच. बदलायचे होतेच, तर मित्रांचे सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, लोअरिंग स्प्रिंग टाक, गाडी जमिनीला चिकटून पळेल. दुसरा म्हणाला, टाकायचेच तर कॉइलओव्हर टाक. पण मागच्या सीटवर बाबा बसतात आणि त्यांच्या मणक्यात गॅप आहे. मला वळणावर न झुलणारी गाडी हवी होती, त्यांना गचके न देणारी. पैसे मात्र एकाच गोष्टीपुरते होते. आधी स्प्रिंग की आधी शॉकअप? याचं उत्तर मला कुठल्याही व्हिडिओपेक्षा या शंभर वर्षांच्या फरकात नीट सापडलं.

स्प्रिंग लक्षात ठेवते

इंग्लंडमधला रॉबर्ट हूक हा शास्त्रज्ञ घड्याळासाठी स्प्रिंगचा अभ्यास करत होता. आपला शोध दुसऱ्या कुणी पळवू नये म्हणून १६७६ साली त्याने तो अक्षरांची उलटापालट करून कोड्यात छापला आणि १६७८ साली कोडं उलगडलं. स्प्रिंग जितकी ताणाल तितक्या प्रमाणात ती उलट ओढणार, एवढाच तो नियम. आपण तो अकरावी-बारावीत पाठ केलेला असतो, पण त्याचा एक अर्थ परीक्षेत कुणी विचारत नाही. स्प्रिंग धक्का खात नाही. ती तो उधार ठेवते आणि जवळजवळ सगळा परत करते. चाक खड्ड्यातून वर उसळलं की स्प्रिंग दबते, आणि क्षणभराने तीच ऊर्जा गाडीला वर ढकलण्यात खर्च करते. मग गाडी खाली येते, पुन्हा वर जाते.

मग घोडागाडीत हे झोके कसे चालले? १८०४ साली ओबादाया इलियट या इंग्रज कारागिराने लंबवर्तुळाकार स्प्रिंगचं पेटंट घेतलं. पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचायच्या आणि अशा दोन कमानी तोंडाशी तोंड लावून जोडायच्या. त्याआधीही बग्ग्यांना स्प्रिंगा असत, पण या रचनेने गाड्या हलक्या झाल्या, कारण बग्गीखालच्या जड लाकडी सांगाड्याची गरज उरली नाही.

या कमानीत शॉकअप आधीपासूनच लपलेला होता. कमान दबली की तिच्या पट्ट्या एकमेकींवर घासतात. त्या घर्षणात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि झोके आपोआप विझतात. एसटीच्या किंवा ट्रकच्या मागच्या चाकाजवळ आजही हेच पाटे दिसतात. गोल वेटोळ्याच्या स्प्रिंगमध्ये एकावर एक घासणारं काहीच नसतं. ती हलकी असते, छोट्या धक्क्यालाही चटकन दबते, पण झोका विझवायला तिच्याकडे काही नाही. त्यामुळे तिला सोबत लागतेच.

वेग वाढला, आणि कुणीतरी विसरायला लावणारं हवं झालं

घोडा दौडत असेपर्यंत पाट्यांचं घर्षण पुरत होतं. मोटारी शर्यतीत पळायला लागल्या तेव्हा ते अपुरं पडलं. चाकं रस्ता सोडून हवेत उडायला लागली. हवेतलं चाक ना वळतं, ना ब्रेक लावतं.

फ्रान्समधल्या जे. एम. एम. ट्रुफो याने यावर एक साधी युक्ती काढली. कात्रीसारखे दोन दांडे, एक सांगाड्याला आणि एक अ‍ॅक्सलला जोडलेला, आणि त्यांच्या सांध्यात एकमेकांवर घट्ट दाबलेल्या चकत्या. चाक हललं की चकत्या घासणार. एडवर्ड हार्टफर्ड या अमेरिकन माणसाने ही कल्पना उचलली आणि १९०४ च्या सुमारास अमेरिकेत ट्रुफो-हार्टफर्ड नावाने शॉकअप विकायला सुरुवात केली. त्याच साली जर्मनीत टाउनसच्या डोंगररस्त्यांवर झालेली गॉर्डन बेनेट शर्यत लेओं तेरी याने रिशार-ब्राझिये गाडीतून जिंकली. त्या गाडीला ट्रुफोचे शॉकअप होते. इलियटच्या पेटंटला बरोबर शंभर वर्षं झाली होती.

या चकत्यांना एक खोड होती. स्थिर असताना त्या सगळ्यात जास्त अडून बसतात. छोटा दगड आला की सांधा हलतच नाही आणि धक्का थेट पाठीत जातो. मोठा खड्डा आला की जोर लागायला हवा, तेव्हा घर्षण वाढत नाही. म्हणजे जिथे मऊ हवं तिथे कडक आणि जिथे कडक हवं तिथे मऊ.

याच काळात अमेरिकेत क्लीव्हलंडला क्लॉड फॉस्टरने वेगळा मार्ग काढला. त्याचा पहिला धंदा मोटारीच्या हॉर्नचा. बायबलमधल्या तुतारीवाल्या देवदूतावरून त्याने हॉर्नला गॅब्रिएल नाव दिलं होतं. पुढे त्याने पट्ट्याचा ‘स्नबर’ आणला. चाक वर येताना पट्टा सैल पडे आणि आपोआप गुंडाळला जाई. चाक परत खाली जाताना मात्र तो घासून ओढला जाई. म्हणजे धक्का येताना मोकळीक आणि परतफेडीच्या वेळी लगाम. आजचे शॉकअपही आत ढकलताना सोपे जातात आणि बाहेर ओढताना जड लागतात. हे परत येणं म्हणजेच ‘रीबाउंड’. शॉकअप निवडताना सगळ्यात जास्त ज्याच्याकडे बघायचं ते हेच. गॅब्रिएल हे नाव तुम्ही गाड्यांवर पाहिलं असेल. गॅब्रिएल इंडिया १९६१ साली सुरू झाली, मुंबईत मुलुंडला तिचा कारखाना होता, आणि आज ती चाकणलाही शॉकअप बनवते.

चकत्यांची खोड तेलाने मोडली. फ्रेंच माणूस मॉरिस उदाय याने बंद डब्यात तेल भरून त्यात फिरणारी पाती बसवली. तेल बारीक भोकातून हळू ढकललं तर सहज जातं, जोरात ढकललं तर अडतं. वेगासोबत विरोध वाढतो आणि स्थिर असताना जवळजवळ नसतोच. १९२७ च्या शेवटी आलेल्या फोर्ड मॉडेल ए या सर्वसामान्यांच्या गाडीला हेच उदाय शॉकअप कारखान्यातूनच लागून येत. तोवर १९२२ साली इटलीच्या लान्सिया लॅम्ब्डाने पुढच्या चाकांना स्प्रिंग आणि तेलाची नळी एकत्र बसवून दाखवली होती. स्प्रिंग लक्षात ठेवते आणि शॉकअप विसरायला लावतो, ही जोडी तिथे एका घरात आली.

माणसांना बसवून केलेले प्रयोग

१९३० साली मॉरिस ऑली हा इंजिनिअर रोल्स-रॉइस सोडून अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये आला. त्याने कॅडिलॅकमध्ये एका मोठ्या लिमोझिनला हलवता येणारी वजनं लावली. वजनं पुढे-मागे सरकवायची, स्प्रिंगा बदलायच्या, आणि माणसांना बसवून विचारायचं: आता कसं वाटतं? त्यातून कळलं की पुढच्या स्प्रिंगा मागच्यापेक्षा मऊ असल्या की गाडी सपाट जाते. कारण खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला क्षणभर उशिरा. मागचा झोका थोडा जलद असेल तर तो पुढच्याला गाठतो आणि गाडी होडीसारखी पुढे-मागे डोलत नाही. १९३४ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांना पुढे मऊ, स्वतंत्र हलणारी चाकं आली, त्यामागे हे काम होतं.

इथे थोडं गणित करू, कारण खरेदीत ते फार उपयोगी पडतं. गाडीच्या वजनाने स्प्रिंग २५ सेंटीमीटर दबत असेल तर गाडी सेकंदाला १ झोका घेते. ११ सेंटीमीटर दबत असेल तर सेकंदाला दीड. सव्वासहा सेंटीमीटर असेल तर २. घरगुती गाड्या साधारण १ ते दीडच्या मधे असतात, स्पोर्टी गाड्या दीड ते दोनच्या मधे. आता स्प्रिंग ३० टक्के कडक केली तर झोका सुमारे १४ टक्के जलद होतो, कारण हे नातं वर्गमुळाचं आहे. आणि तो झोका आधीइतक्याच चांगल्या रीतीने विझवायला शॉकअपलाही सुमारे १४ टक्के जास्त जोर लागतो. नवा शॉकअप हे कदाचित सांभाळून घेईल. ७५ हजार किलोमीटर चाललेला नाही. जुन्या शॉकअपवर कडक स्प्रिंग टाकली की कर्ज वाढतं आणि वसुली करणारा म्हातारा झालेला असतो.

आणखी एक आकडा मी मनात ठेवला. उभ्या कंपनांमध्ये माणसाच्या शरीराला सगळ्यात जास्त त्रास होतो तो सेकंदाला ४ ते ८ कंपनांचा. मणका त्याच पट्ट्यात साथ देऊन हलायला लागतो. गाडीचा सावकाश झोका बाबांना फारसा त्रास देत नाही. त्यांना छळतो तो बारीक, टोकदार थरथराट, जो फार कडक शॉकअपमधून आणि तळाला टेकलेल्या स्प्रिंगमधून वर येतो.

उंची कमी करण्याची खरी किंमत

आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सनने तो शेव्हरोलेच्या एका स्वस्त छोट्या गाडीसाठी आखला होता. १९४७ साली तो प्रकल्पच बंद पडला, मॅकफर्सन फोर्डकडे गेला आणि पुढे १९५० च्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सल आणि झेफरला त्याची रचना लागली. वरचा दांडाच काढून टाकला, शॉकअपलाच चाकाचा खांब केलं. स्वस्त, कमी जागा, इंजिन आडवं बसवायला मोकळी जागा. मारुती ८०० पासून आपण हेच वापरत आलो.

शॉकअपच खांब असल्यामुळे गाडी खाली घेतली की सगळंच बदलतं. चाकाकडून येणारा खालचा दांडा आडव्याऐवजी तिरका, बाहेरच्या टोकाला वर उचललेला होतो. ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू त्यामुळे गाडीपेक्षा जास्त खाली घसरतो, आणि गाडीला कलायला उलट लांब तरफ मिळते. म्हणून ‘खाली घेतली की कमी कलते’ हे अर्धसत्य आहे. कमी कलते ती कडक स्प्रिंगमुळे. उंचीने त्यातला काही फायदा परत घेतलेला असतो.

दुसरं, जागा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता यावा असा. आपल्या सोसायटीसमोरचा गतिरोधक ते माप पाळतो का, हे तुम्हीच बघा. अशा रस्त्यावर चाकाला वर यायला जी जागा आहे तिच्यातले ३ सेंटीमीटर लोअरिंग स्प्रिंगने काढून घेतले, तर उरलेल्या जागेत थांबायला स्प्रिंग कडक करावीच लागते. नाहीतर गाडी रबरी बंप स्टॉपवर आदळते, आणि बंप स्टॉप म्हणजे अचानक प्रचंड कडक झालेली स्प्रिंग. म्हणजे बरेचदा कडकपणा वळणासाठी नसतो, उंची कमी केल्याचा दंड असतो.

याच्या उलट टोकाला इंग्लंडची लोटस आहे. कॉलिन चॅपमनच्या रोडवरच्या गाड्या मऊ स्प्रिंग आणि नीट आवरणारा शॉकअप यासाठीच ओळखल्या गेल्या. चाक रस्त्याचा चढउतार धरून चालू द्यायचं, गाडीच्या अंगाला मात्र हेलकावे खाऊ द्यायचे नाहीत. खडबडीत रस्त्यावर पकड अशीच मिळते.

तेल, फेस आणि वायू

शॉकअप ऊर्जा गिळतो म्हणजे ती तेलाच्या उष्णतेत जाते. साध्या दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये आतली नळी काम करते, बाहेरची नळी तेलाची टाकी असते आणि तिच्यात वर थोडी हवा असते. खराब रस्त्यावर लांब पल्ला झाला की तेल तापतं, हवा मिसळून फेस होतो, आणि फेसाला विरोध करता येत नाही. फ्रान्सच्या क्रिस्तियाँ बूर्सिये द कार्बोंने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एकाच नळीत तेल आणि वायू तरंगत्या पिस्टनने वेगळे केले आणि वायू दाबून भरला. दाबाखाली फेस होत नाही, आणि एकच नळी असल्याने उष्णताही थेट बाहेरच्या हवेत जाते. मूळची खिडक्यांचं लोखंडी सामान बनवणारी जर्मनीची बिल्स्टाइन कंपनी या कल्पनेमागे लागली आणि १९५७ साली मर्सिडीजला असे शॉकअप पुरवू लागली.

नेदरलँड्सच्या कोनीची मुळं अजून जुनी, १८५७ पासूनची. ती घोड्यांचा साज बनवायची. पुढे तिची ओळख झाली ती हाताने कमी-जास्त करता येणाऱ्या शॉकअपसाठी. त्यात बहुधा फक्त रीबाउंड फिरवता येतो: फॉस्टरच्या पट्ट्याचाच तो विचार. शॉकअप जुना झाला की थोडा आवळून हरवलेला जोर परत आणता येतो.

म्हणून निवड अशी उभी राहते. घाटात सतत जोरात चालवत असाल, तर एका नळीचा, वायू भरलेला शॉकअप दमत नाही. मात्र वायूच्या दाबामुळे आणि घट्ट सीलमुळे तो बारीक धक्क्याला जरा ताठ वाटू शकतो. रोजचं शहर आणि म्हातारी माणसं असतील, तर चांगला दोन नळ्यांचा, शक्यतो रीबाउंड फिरवता येणारा. कॉइलओव्हरमध्ये उंचीही फिरवता येते. ज्याला ती खरंच फिरवायची आहे, त्याने त्याचे पैसे द्यावेत. स्प्रिंग बदलायचीच असेल तर शॉकअपसोबत किंवा नंतर बदला, एकटी आधी नको.

मी उंचीला हात लावला नाही. स्प्रिंगा कंपनीच्याच ठेवल्या, गंज आणि तडे तपासून घेतले. रीबाउंड फिरवता येणारे दोन नळ्यांचे चार शॉकअप घेतले. त्यासोबत वरचे माउंट आणि बंप स्टॉप नवे टाकले, कारण ते काढायची मजुरी दोनदा कशाला द्यायची. शेवटी व्हील अलाइनमेंट. पहिले दोन आठवडे सगळ्यात मऊ सेटिंगवर चालवलं, मग अर्धा फेरा आवळला. ताम्हिणीच्या वळणावर गाडी आता एकदाच कलते आणि तिथेच थांबते. उंब्रजवरून पाटणकडे वळल्यावर बाबांना मी काही सांगितलं नव्हतं. मल्हारपेठ कधी गेलं ते त्यांना कळलं नाही, ते झोपले होते.

कायद्याचंही एक वाक्य लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीने मुळात दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. दमलेला शॉकअप बदलणं ही दुरुस्ती आहे. गाडीचं माप बदलणं हा वेगळा विषय आहे, त्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारलेलं बरं.

बाजारात स्प्रिंग आधी विकली जाते, कारण तिचा बदल फोटोत दिसतो. चाक आणि मडगार्डमधली पोकळी कमी झाली की मित्र विचारतात. शॉकअपचा बदल फोटोत येत नाही. त्याचं काम संपलेलं असतं ते न आलेल्या तिसऱ्या आणि चौथ्या झोक्यात. मोटारींनी ही चूक सुरुवातीला केली, कारण त्यांच्याकडे पर्याय नव्हता. आपल्याकडे आहे.